खोल बर्फातून परतल्यावर एटीव्हीची निगा : इंजिन बंद केल्यानंतरचा पहिला तास

हिमपथिक (धागाकर्ता)

बर्फात गाडी कशी चालवावी, टायर कोणते घ्यावेत, रबरी ट्रॅक बसवावेत की साखळ्या, यांवर भरपूर चर्चा होते. गाडी घरी आणून उभी केल्यानंतर तिच्या आत काय चालते, याकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. अनेक हिवाळ्यांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की, खोल बर्फामुळे एटीव्हीचे (रानावाटांवर चालणाऱ्या उघड्या, हँडलच्या चारचाकीचे) जे नुकसान होते त्यातले बरेचसे इंजिन बंद केल्यानंतर होते. चालत्या गाडीचे इंजिन, सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्क गरम असतात. त्यांना चिकटलेल्या बर्फाचे पाणी होते, ते फटींतून, केबलींतून आणि सांध्यांतून खाली ओघळते आणि गाडी थंड झाली की जिथे पोचले असेल तिथेच पुन्हा गोठते.

हे मी नुकसान सोसून शिकलो आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी गुडघाभर बर्फातून परतायला अंधार झाला, म्हणून गाडी तशीच उघड्या शेडमध्ये लावली. सकाळी गिअरचा दांडा जागचा हलेना. मी दोन्ही हातांनी जोर लावला, काडकन आवाज आला आणि गिअरबॉक्सकडे जाणारी जोडदांडी वाकली. खाली आडवे होऊन विजेरीने पाहिले, तेव्हा खालच्या संरक्षक पत्र्यावर बर्फ ठासून भरलेला दिसला. सायलेन्सरच्या उष्णतेने वितळलेले पाणी त्या जोडदांडीवरून थेंबथेंब उतरत रात्रभर गोठत गेले होते. तिच्याभोवती बोटभर जाडीची, काचेसारखी स्वच्छ बर्फाची नळी तयार झाली होती, इतकी स्वच्छ की आतल्या दांडीचे आटे मोजता यावेत. आदल्या संध्याकाळी पत्र्यावरचा बर्फ दहा मिनिटे बसून काढला असता, तर ती दांडी शाबूत राहिली असती.

तेव्हापासून माझे काम घरी पोचण्याच्या थोडे आधीच सुरू होते. परतीचा शेवटचा टप्पा मी दाबून घट्ट झालेल्या वाटेवरून घेतो आणि हळू वेगात ब्रेक किंचित दाबून ठेवतो, म्हणजे डिस्क आणि पॅड यांच्यामधले पाणी घर्षणाच्या उष्णतेने उडून जाते. ओले पॅड डिस्कला चिकटून गोठले, तर सकाळी चाके फिरत नाहीत. म्हणूनच ओल्या गाडीला रात्री पार्किंग ब्रेक लावू नये. गाडी सपाट जागी उभी करावी, पार्कची सोय असल्यास दांडा त्यावर ठेवावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चारही चाकांखाली फळ्या टाकल्या, तर टायर जमिनीला गोठून बसत नाहीत.

बर्फ काढण्यासाठी मऊ केसांचा झाडू आणि हातमोजे पुरतात. पेचकस, कुदळ किंवा कोणतीही धातूची टोकदार वस्तू वापरू नये, कारण थंडीत प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि ॲक्सलवरचे रबरी बूट (सांध्यावरची घड्यांची, ग्रीस भरलेली आवरणे) तर सहज फाटतात. ॲक्सलभोवती बर्फाचे कडे तयार होते आणि ते बुटाच्या घड्यांमध्ये घट्ट बसते. ते ओढून काढण्यापेक्षा हाताने दाबून भुगा करावा. तसे होत नसेल तर वितळू द्यावे. बुटाला एक बारीक चीर पडली तरी आतले ग्रीस बाहेर फेकले जाते, पाणी आत जाते, आणि दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर वळताना कटकट असा आवाज यायला लागतो, तोपर्यंत सांधा गेलेला असतो.

चाकांच्या रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला बर्फ विसरला जातो. तो एका बाजूला गोठला की दुसऱ्या दिवशी गाडी थरथरते आणि आपण उगाच बेअरिंगला दोष देतो. रेडिएटरच्या जाळीत शिरलेला बर्फही त्याच संध्याकाळी काढावा, मात्र झाडू जाळीच्या पात्यांच्या दिशेनेच फिरवावा, कारण ती पाती बोटाच्या दाबानेही वाकतात. पंख्याची पाती हाताने फिरतात का तेही पाहावे. गोठलेला पंखा सुरू होण्याची वेळ आली की तो फिरत नाही, फ्यूज उडतो, आणि उणे वीस अंशांच्या थंडीत इंजिन तापते. खोल बर्फात गाडी कमी वेगाने आणि जास्त जोराने चालत असते, त्यामुळे थंडी आहे म्हणून इंजिन थंडच राहील, हे गृहीत धरू नये.

अनुभवी सभासदांनी यात भर घालावी, विशेषतः बेल्ट आणि ऑइल यांविषयी.


पानापकड

हिमपथिक यांनी जोडदांडीचा प्रसंग लिहिला ते बरे झाले, कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांमध्ये हा प्रकार दर हिवाळ्यात असतो. बेल्टविषयी सविस्तर लिहितो.

बहुतेक एटीव्हींमध्ये दोन पुली (पुढची इंजिनाने फिरणारी, मागची चाकांकडे जोर पोचवणारी) आणि त्यांवरून फिरणारा रबरी बेल्ट असतो. या बेल्टला थंड ठेवण्यासाठी त्याच्या झाकणात बाहेरची हवा ओढून घेतली जाते. खोल आणि भुसभुशीत बर्फात ही हवा कोरडी नसते, तिच्याबरोबर पिठासारखा बर्फही आत जातो, गरम पुलीवर वितळतो आणि बेल्ट घसरायला लागतो. खूण सोपी आहे. इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही, आणि बऱ्याचदा जळक्या रबराचा वास येतो.

अशा वेळी झाकणाच्या तळाशी असलेला ड्रेन प्लग काढावा आणि पाणी गळून जाऊ द्यावे. नंतर गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये ठेवून थ्रॉटल (इंजिनाचा वेग वाढवणारा खटका) साधारण निम्मा दाबावा, दहा-पंधरा सेकंद धरावा आणि सोडावा. असे काही वेळा केले की पुलीच्या वाऱ्याने उरलेले पाणी बाहेर फेकले जाते. बेल्टने पकड घेतली की नाही, हे लो गिअरमध्ये हळूच पुढे सरकून पाहावे. हे काम परतल्यावर लगेच, झाकण गरम असतानाच करावे. रात्रभर तसेच राहिले तर बेल्ट पुलीला गोठून चिकटतो.

आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. सकाळी चाके किंवा ब्रेक गोठलेले असतात, गाडी हलत नाही, आणि चालक थ्रॉटल दाबत राहतो. चाके जागेवर, मागची पुली जागेवर आणि पुढची पुली फिरते आहे, अशा स्थितीत बेल्टचा एकच तुकडा घासला जातो आणि काही सेकंदांत तिथे खळगा पडतो. मग तो बेल्ट प्रत्येक फेरीला धप धप असा धक्का देत राहतो आणि बदलण्यावाचून इलाज नसतो. म्हणून सकाळी गाडी आधी हाताने पुढे-मागे ढकलून पाहावी. चारही चाके मोकळी आहेत याची खात्री झाल्यावरच गिअर टाकावा, आणि पहिली काही मिनिटे सावकाश चालवावे, कारण थंडीने कडक झालेल्या बेल्टला लवचिक व्हायला वेळ लागतो.


नवखा_चालक

मी गेल्या महिन्यातच एक वापरलेली गाडी घेतली आहे. काल पहिल्यांदा खोल बर्फात गेलो होतो. आज ऑइलची डिप्स्टिक काढून पाहिली तेव्हा पातळी आधीपेक्षा किंचित वर दिसली, आणि ऑइल भरण्याच्या टोपणाच्या आत साय धरल्यासारखा पिवळट थर होता. इंजिनात पाणी गेले असे समजावे काय? गाडी सुरू करायला धजत नाही, म्हणून कृपया मार्गदर्शन करावे.


पानापकड

आपण गाडी सुरू करण्याआधी विचारले, हे अगदी योग्य केले. आता तीन गोष्टी पाहा. डिप्स्टिकवरचे ऑइल स्वतः दुधाळ आहे का, की थर फक्त टोपणाखाली आहे? कुलंटची (रेडिएटरमधल्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटली आहे का? आणि एअर फिल्टरच्या डब्यात पाणी किंवा बर्फ आहे का?

थर फक्त टोपणाखाली असेल, डिप्स्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कुलंट जागच्या जागी असेल, तर बहुधा ही आतली वाफच आहे. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवरून खाली इंजिनाच्या ऑइलपर्यंत पोचते. इंजिन पुरेसे तापले तर ती ब्रीदर पाइपातून (इंजिनातली वाफ व दाब बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडते. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करण्याची सवय असेल, तर मात्र ती थंड टोपणाखाली साचते आणि ऑइलमध्ये मिसळून सायीसारखी दिसते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, त्यातले काही न जळता ऑइलमध्ये उतरते आणि त्यामुळे पातळीही वाढते. यावर उपाय म्हणजे ऑइल बदलणे, आणि यापुढे गाडी सुरू केली की किमान वीस-तीस मिनिटे नीट चालवणे. काट्यावर दिसते ते कुलंटचे तापमान असते, ऑइल त्यानंतर बऱ्याच वेळाने तापते.

डिप्स्टिकवरचेच ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखे दिसत असेल, तर गाडी सुरू करू नका. ते ऑइल काढा, फिल्टर बदला, नवे ऑइल भरा, आणि पाणी आले कुठून ते शोधा. बर्फात बहुधा ते एअर फिल्टरच्या डब्यातून येते. कुलंट घटले असेल तर कारण हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागाच्या जोडातील पट्टीपर्यंत) जाऊ शकते.

ब्रीदर पाइपाचे तोंडही पाहा. त्यातली वाफ तोंडाशी गोठून पाइप बंद झाला, तर आतला दाब सीलवर येतो आणि ऑइल नको तिथून बाहेर पडते. थंडीत सीलमधून ऑइल झिरपताना दिसले, तर सील बदलण्याआधी मी हा पाइप तपासतो.

गिअर ऑइलकडेही लक्ष द्या. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलला (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला) हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते. गरम डिफरन्शिअल अचानक बर्फात बुडाले की आतली हवा आक्रसते. साठ अंशांवरची हवा उणे पाच अंशांपर्यंत थंड झाली तर तिचे आकारमान जवळपास पाचव्या भागाने घटते. नळी मोकळी असेल तर बाहेरची हवा सरळ आत येते. ती चेपलेली, चोंदलेली किंवा निसटलेली असेल, तर सीलच्या कडेने किंवा नळीच्या जोडातून पाणी आत ओढले जाते. हिवाळ्यात अधूनमधून ड्रेन प्लग सैल करून चमचाभर गिअर ऑइल पांढऱ्या कपड्यावर घेऊन पाहावे. पाणी जड असल्यामुळे ते तळाशी असते आणि आधी बाहेर येते.


चारचाकप्रेमी

हे सर्व वाचताना वाटले की आपण कामे उगाच वाढवून घेतो. माझी शेड तापवलेली असते. गाडी आत घेतो, सकाळपर्यंत बर्फ आपोआप वितळून जातो, आणि झाडू-हातमोज्यांची गरजच पडत नाही. सर्वांनी ही सोय केली तर बरे, असे माझे मत आहे.


हिमपथिक (धागाकर्ता)

तापवलेली शेड ही उत्तम सोय आहे, आणि ती असती तर मीही वापरली असती. पण दोन-तीन बाबी लक्षात घ्याव्यात, असे मी आग्रहाने म्हणेन.

बर्फ वितळला म्हणजे गाडी कोरडी झाली, असे होत नाही. पृष्ठभाग तासाभरात कोरडा दिसतो, पण पत्र्याच्या वर, केबलीच्या आवरणात आणि कनेक्टरच्या खाचांत पाणी बराच काळ राहते. अर्धवट वितळलेली गाडी सकाळी उणे पंधरा अंशांत बाहेर काढली, तर हे पाणी वीस मिनिटांत गोठते, तेही आता अधिक खोल जागी. तापवायचे असेल तर गाडी पूर्ण वाळेपर्यंत तापवावे आणि खेळती हवा ठेवावी, अन्यथा ती थंडच राहू द्यावी. मला विचाराल तर, झाडूने कोरडा बर्फ काढून थंड शेडमध्ये ठेवलेली गाडी ही अर्धवट वितळवलेल्या गाडीपेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

टायरमधल्या हवेचाही येथे संबंध येतो. एटीव्हीच्या टायरमध्ये हवा मुळातच फार कमी असते. शेडमध्ये वीस अंशांना ६ पीएसआय भरलेला टायर बाहेर उणे दहा अंशांना सुमारे ४ पीएसआयवर येतो. एवढ्या कमी दाबात खोल बर्फात तिरके वळण घेतले तर टायरची कड रिमवरून सुटू शकते. म्हणून हवा नेहमी बाहेरच्या तापमानात मोजावी.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. गाडी वाळवण्यासाठी बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, दार अर्धे उघडे असले तरीही ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि डोके जड होऊ लागले हे कळेपर्यंत माणसाला उठून दारापर्यंत जाणेही कठीण झालेले असते. पानापकड यांनी बेल्ट वाळवण्याची रीत सांगताना मोकळ्या हवेत असे लिहिले आहे, ते शब्द सर्वांनी पुन्हा वाचावेत.

थ्रॉटलबद्दल मी मूळ लेखात लिहायचे राहून गेले, त्याबद्दल दिलगीर आहे. अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलच्या खोबणीत आणि केबलीत शिरलेले पाणी गोठले, तर दाबलेला थ्रॉटल परत येत नाही, आणि गाडी चालकाला न जुमानता धावते. रोज इंजिन सुरू करण्याआधी थ्रॉटल पूर्ण दाबून सोडावा. तो चटकन आणि आवाज करून मागे यायला हवा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून हेच पुन्हा करावे, कारण केबल एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला अडकणारी असू शकते. थोडा जरी आळस दिसला, तरी त्या दिवशी गाडी काढू नये.


रानवाट

बॅटरी आणि विंच (दोर गुंडाळून ओढणारे विजेचे यंत्र) यांविषयी थोडे लिहितो, कारण मी गाडीला पाते लावून बर्फ हटवण्याचे काम करतो आणि या दोन्हींनी मला बराच त्रास दिला आहे.

बर्फ हटवताना पाते वर-खाली करण्यासाठी विंच सतत वापरला जातो, हँडलचे हीटर चालू असतात, दिवे चालू असतात आणि इंजिन मात्र कमी वेगात फिरत असते. त्यामुळे काम संपते तेव्हा बॅटरी भरलेली असेलच असे नाही. पूर्ण भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीतले द्रावण उणे पन्नास अंशांच्याही खाली टिकते, पण पूर्ण उतरलेली बॅटरी उणे दहा अंशांच्या आसपास गोठू शकते, आणि गोठली की तिची पेटी फुगते किंवा तडकते. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर लावून पाहावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असल्यास ठीक, १२.४ च्या खाली असल्यास चार्जर लावावा. गोठलेली बॅटरी चार्जरला लावू नये. लिथियम बॅटरी असेल तर ती शून्य अंशाच्या वर आणूनच चार्ज करावी.

विंचचा दोर सिंथेटिक असेल तर तो पाणी धरून ठेवतो आणि ड्रमवर गुंडाळलेला असतानाच लाकडासारखा गोठतो. आठवड्यातून एकदा तो पूर्ण सोडून, वाळवून, हलक्या ताणाखाली पुन्हा गुंडाळावा. पात्याचे वजन सतत दोराच्या एकाच हातभर भागावर येते, तेव्हा तो भाग बोटांनी चाचपून पाहावा. तंतू तुटून लव आल्यासारखे लागले, तर दोर बदलण्याची वेळ झाली.


पानापकड

मिठाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. रानातला बर्फ स्वच्छ असतो, पण मीठ टाकलेला रस्ता ओलांडला असेल तर गाडी धुवावीच लागते. रस्त्यावर टाकतात त्यांपैकी कॅल्शियम क्लोराइड हे मीठ हवेतला ओलावा खेचून घेते, म्हणजे गाडी वाळली असे दिसले तरी तो थर ओलाच राहतो, आणि तापवलेल्या शेडमध्ये गंज अधिक वेगाने चढतो. धुण्यासाठी साधे कोमट पाणी वापरावे आणि जास्त दाबाचा फवारा सील, बेअरिंग, कनेक्टर आणि रेडिएटर यांच्यावर मारू नये. नंतर सस्पेन्शनच्या निपलांना ग्रीस गन लावावी आणि जुने, ओले ग्रीस कडेने बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत भरावे. धुतल्यावर गाडी थोडी चालवून ब्रेक आणि बेल्ट वाळवल्याशिवाय ती रात्री बाहेर ठेवू नये.


नवखा_चालक

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे काल दिवसभर गाडीशेजारी बसलो. डिप्स्टिकवरचे ऑइल स्वच्छ होते, कुलंट जागच्या जागी होते आणि एअर फिल्टरचा डबा कोरडा होता, म्हणजे टोपणाखालची साय ही वाफेचीच होती. ऑइल आणि फिल्टर बदलले.

मग पुढच्या डिफरन्शिअलचा प्लग सैल केला आणि खाली पांढरा कपडा धरला. आधी दोन-तीन चमचे स्वच्छ पाणी आले, त्यानंतर राखाडी, दाट ताकासारखे ऑइल. हवेची नळी शोधत वर गेलो तर ती टोकाशी निसटून फ्रेमच्या आडव्या नळीवर पडलेली होती, नेमकी तिथे जिथे बर्फ साचतो. ती पुन्हा बसवून, क्लिप लावून, हँडलच्या खाली उंच बांधली आहे. नवे गिअर ऑइल भरून पाच किलोमीटर चालवले आणि पुन्हा काढले, तर ते अजून किंचित धुरकट होते. म्हणून दुसऱ्यांदा भरले आहे. उद्या पुन्हा तेवढेच चालवून तिसऱ्यांदा कपड्यावर घेऊन पाहणार आहे, आणि रंग कसा दिसतो ते येथे लिहीन. मागच्या डिफरन्शिअलचे ऑइल मधासारखे स्वच्छ निघाले.